गोळीला कागद नेसवणारा

मागच्या खानेसुमारीला आमच्या धुळ्यातल्या घरी एक गुरुजी आले होते. नाव, वय, जात झाल्यावर त्यांनी विचारलं, "धंदा?" मी म्हणालो, "बंदुकीच्या गोळीला कागद गुंडाळतो." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग मदतीच्या आशेने त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरंच तेच करतात हो. मलाही लग्नानंतरच कळलं." गुरुजींनी जरा विचार केला आणि 'विडी वळणे' असं लिहून ते शेजारच्या घरात शिरले. मी काही त्यांना परत बोलावलं नाही. विडीवाला पानात तंबाखू वळतो, मी कागदात शिसं वळत होतो. शेवटी दोघांच्या मालाचा धूरच व्हायचा.

या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादकांचा आग्रह झाला तेव्हा मला हे गुरुजी आठवले. खानदेशात हे काम करणारा माझ्याखेरीज दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. असला तर त्याने रागावू नये, एक कार्ड टाकावं. मी त्याच्या हातचा चहा प्यायला भाड्याने मोटार करून जाईन.

दुकान तय्यबशेठ बोहऱ्यांचं. पुढच्या खोलीत बंदुका, छऱ्याची काडतुसं, कंदील आणि कुलुपं. मागच्या खोलीत मी. पूर्वी आट्यांच्या बंदुकांची, म्हणजे रायफलींची, काडतुसं विलायतेहून तयार यायची. पहिली लढाई पेटली आणि ती बंद झाली. लढाई संपल्यावर आली ती नव्या धाटणीची, बिनधुराच्या दारूची. आमच्याकडच्या रायफली मात्र काळ्या दारूच्या. कुणाच्या आजोबाला साहेबाने खूश होऊन दिलेली, कुणी संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून घेतलेली. त्यांत नवी दारू भरली तर नळी फुटायची. शेठ मला म्हणाले, "वामन, काडतुसाची रिकामी पितळी कोठी तर गिऱ्हाइकाकडे आहे. दारू पेटवायची टोपी मी आणतो, दारू मी आणतो. गोळी तू बनव. इतकं शिकलास, एवढं नाही जमणार?" मी इंग्रजी चौथी नापास होतो, पण शेठच्या दुकानात तेवढ्यालाही किंमत होती.

जमायला वर्ष गेलं. यात अवघड काय, ते सांगतो. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे चर कोरलेले असतात. त्या पिळामुळे गोळी गरगर फिरत जाते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. पण शिसं मऊ. उघडी गोळी जोराने गेली की तिचं शिसं चरांत घासून बसतं आणि थोड्याच बारांत नळी आतून लिंपून निघते. मग वाघावर झाडलेली गोळी वडाला लागते. म्हणून गोळी आणि नळी यांच्यामध्ये कागद. तो चरांना धरतो, गोळीला फिरवतो, आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडता पडता फाटून गळून जातो. पुढे गोळी एकटी जाते.

सगळं इमान त्या गळून जाण्यात आहे. कागद गोळीला चिकटून राहिला तर ती भलतीकडे जाते, कुठे ते देवालाही ठाऊक नसतं. म्हणून आमच्या कामात पहिला नियम असा की कागद चिकटवायचा नाही. खळ नाही, डिंक नाही, भाताचं शीतसुद्धा नाही. पट्टी दोन्ही टोकांना तिरकी कापायची, ओली करायची आणि गोळीवर बरोबर दोन वेढे ताणून बसवायचे. एक टोक दुसऱ्याला नुसतं टेकलं पाहिजे, वर चढता कामा नये. खाली उरलेल्या कागदाला पीळ देऊन तो बुडाशी दाबायचा. वाळला की कागद आपोआप आवळतो. वरून मेणाचा हात फिरवायचा. शेठ याला 'कागद नेसवणं' म्हणायचे आणि मला 'शिंपी'.

कागद एरंडोलच्या कागदी मंडळींकडून यायचा. चिंध्या आणि जुनं तरट कुटून केलेला, पातळ, पण ओला करून ओढला तरी तुटायचा नाही. गिरणीचा गुळगुळीत कागद दिसायला देखणा, ओला झाला की लगदा. मी प्रत्येक ताव उजेडासमोर धरून बघायचो तेव्हा एरंडोलचे बुजुर्ग कागदी नाक मुरडून म्हणायचे, "मियाँ, खत लिहिणार आहात की लग्नासाठी मुलगी बघताय?"

बार झाला की गिऱ्हाईक निशाणाकडे धावायचं आणि मी जमिनीकडे. नळीच्या पुढे चार पावलांवर कागदाच्या चिंधोट्या पडलेल्या असायच्या. चरांच्या खुणांवर सरळ फाटलेल्या पट्ट्या सापडल्या की मी निशाणाकडे न बघता म्हणायचो, "लागली." सापडल्या नाहीत तर तोंड लपवायची जागा शोधायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पारोळ्याचे एक इनामदार होते, अत्यंत धार्मिक. त्यांचा हट्ट असा की प्रत्येक गोळीच्या कागदावर आतल्या बाजूने रामनाम लिहायचं. शाई ओल्या कागदात पसरते हे सांगून मी थकलो. शेवटी लिहून दिलं. इनामदारांनी बार काढला, नेम छान लागला, आणि मी सवयीप्रमाणे चिंधोट्या गोळा करायला वाकलो. त्यांच्याबरोबर त्यांचे उपाध्ये आले होते. ते किंचाळलेच, "अहो, रामाच्या नावाच्या चिंध्या! आणि वर तुमचा पाय!" इनामदार पांढरेफटक पडले. सगळी मंडळी, मी, शेठ, इनामदार, उपाध्ये, उन्हात ओणवी होऊन गवतातून रामनाम वेचत होती. उरलेल्या गोळ्या इनामदारांनी कधी झाडल्या नाहीत. अजून देवघरात आहेत म्हणे.

दुसरा कायमचा प्रश्न चरबीचा. विलायती काडतुसाला चरबी असायची. आमच्याकडे दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी कुजबुजत विचारायचा, "कशाची?" हिंदूची शंका एक, मुसलमानाची दुसरी. शेठनी ठरवलं की चरबी दुकानात आणायचीच नाही. मेण आणि साजूक तूप. जाहीर केल्यावर गिऱ्हाईक इतकं खूश झालं की नशिराबादच्या एका सावकाराने गोळी हुंगून "वा, घरचं दिसतंय" असा दाखला दिला. खूश झाले तसे दुकानातले उंदीरही. दिवाळीची सुट्टी संपवून मी कपाट उघडलं तर सगळ्या गोळ्या उघड्या आणि कपाटात एरंडोली कागदाचा भुसा. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "वामन, हे तर तुझ्यापेक्षा सफाईने सोडवतात." त्या दिवसापासून तूप बंद, मेण आणि एरंडेल सुरू. एरंडेलाच्या वाटेला उंदीर जात नाही. लहानपणी त्यांनाही कुणीतरी पाजलेलं असावं.

हसत हसत लिहितोय, पण एक गोष्ट मनाला लागते. सातपुड्यात आमच्या गोळ्यांनी किती जनावरं पडली ते मी कधी मोजलं नाही. त्या काळी वाघाचं कातडं दुकानासमोर गाडीत घालून आणत, मला पेढा देत, आणि मी तो खात असे. आता शिरपूरकडचे लोक सांगतात की वर्ष वर्ष डरकाळी ऐकू येत नाही. पेढ्याची चव मग तोंडात कडू होते. असो.

सगळ्यांत मोठा पेच आला तो मात्र वाघामुळे नव्हे, रानडुकरांमुळे.

साक्रीच्या पलीकडे डोंगरात दौलत आबा पाटलांचं गाव. त्यांच्या वडिलांना मिळालेली एकनळी रायफल ही त्या गावातली एकुलती बंदूक. भुईमूग भरायला लागला की डोंगरातून डुकरं उतरायची. आबांच्या बाराचा आवाज आला की ती आठवडाभर फिरकायची नाहीत, आणि एखादं पडलं तर महिनाभर. आबांची मंडळी, त्यांना सगळं गाव अक्का म्हणे, दरसाल दुकानात येऊन माझ्यासमोर फतकल मारून बसायच्या आणि मी गोळ्या नेसवत असताना एकटक बघायच्या. बाई कमी बोलायची, पण बोलली की ऐकावं लागायचं.

त्या वर्षी नवे प्रांतसाहेब आले. तरुण, शिस्तीचे, स्वतः उत्तम नेमबाज. त्यांनी हुकूम काढला की निकामी झालेली जुनी हत्यारं सरकारजमा करावीत. हत्यार कामाचं आहे असं ज्याचं म्हणणं असेल त्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साक्रीच्या मुक्कामात येऊन दाखवावं. शंभर कदमांवर फळी, पाच बार, त्यांतले तीन फळीवर. नाही लागले तर बंदूक तिथेच ठेवून घरी जायचं.

आबा हुकूम ऐकून दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "वामनभाऊ," ते म्हणाले, "बंदूक गयी तं डुकरं आम्हले बी खाई जातीन. पाच गोया दे. आशा दे का साहेबना तोंडातून शब्द निंघाले नको."

मी पाच गोळ्यांवर जितकी मेहनत घेतली तितकी स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवरही घेतली नव्हती. प्रत्येक गोळी तोलून घेतली, कागद तावाच्या मधल्या भागातला. काडतुसं भरून, फडक्यात बांधून आबांच्या हातात दिली आणि बजावलं, "कोरडी ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका." प्रांतसाहेबांना हत्यारं तपासायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून शेठनी मलाही साक्रीला धाडलं.

आमराईत राहुट्या लागल्या होत्या. आबांच्या गावचे बरेच लोक बैलगाड्या जोडून आले होते. अक्काही आल्या होत्या, नवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आबांचा पुकारा झाला. ते पालथे पडले, नेम धरला, बार काढला. धुराचा ढग विरला. फळी कोरी. धूळ उडाली ती फळीपासून लांब, डावीकडच्या बाभळीजवळ.

"सवय नाही राहिली," मी साहेबांना म्हणालो. नळीत ओला चिंधा फिरवून दुसरं काडतूस दिलं. दुसरी गोळी उजवीकडे गेली. एका नळीतून, एका माणसाच्या हातून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे! गावकऱ्यांत कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. आता उरलेल्या तिन्ही लागल्या तरच बंदूक राहणार होती.

मी धावत पुढे गेलो आणि गवत चाळलं. एकही पट्टी नाही. म्हणजे कागद गोळीबरोबरच गेला होता. चिकटून. मी परत येऊन तिसरं काडतूस हातात घेतलं. बोटाला चिकट लागलं. हुंगलं, मग न राहवून गोळीला जीभ लावली.

गोड लागली.

बंदुकीची गोळी चाटणारा माणूस साहेबांनी पूर्वी पाहिला नसावा. "काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं.

मी आबांकडे पाहिलं, आबांनी अक्कांकडे. अक्का पुढे आल्या. आवाज जराही न हलवता म्हणाल्या, "काल दसरा व्हता. बंदुकनी पूजा कयी. गोयास्ले बी आंघोय घाली. पंचामृतनी."

"पंचामृत!" मी ओरडलोच. दूध, दही, तूप, मध, साखर. कागदातून आत मुरलं आणि उन्हात वाळून बसलं. खळीपेक्षा घट्ट.

"कोल्लं पुशी बी काढं," अक्का म्हणाल्या; कोरडं पुसलं की झालं, अशी त्यांची समजूत. मग त्यांना उमगलं, आणि त्या एकदम खाली बसल्या. "म्हणजे मन्हामुये जाई का बंदूक?"

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "या तीन गोळ्या पुन्हा नीट करता येतील?"

"येतील साहेब, पण कागद धुळ्याला राहिला."

"पाच बार म्हटलंय, ते पाचच. मधे किती वेळ जावा याबद्दल हुकुमात काही नाही. मी जेवून येतो. तोवर करा काय ते." आणि जाता जाता त्यांनी कारकुनाला सांगितलं, "यांना लागेल तो कागद दाखवा."

कचेरीच्या राहुटीत मी सगळे कागद चिमटीत धरून, ओले करून पाहिले. जाड तो जाड, टीपकागद तो लगदा. शेवटी साहेबांच्या स्वतःच्या पेटीतला, घरी पत्रं लिहायचा विलायती पातळ कागद मिळाला. चिवट होता, पण एरंडोलीपेक्षा पुष्कळ पातळ; दोन वेढ्यांऐवजी तीन घ्यावे लागणार. गोळ्या काडतुसांतून हाताने उपसल्या, चिकट कागद सोलला, गरम पाण्याने शिसं धुऊन पुसलं. चाकूने पट्ट्या कापल्या. आणि पहिल्या पट्टीला हात घातला तर ती टरकन फाटली. दुसरीही. सकाळपासून पन्नास बंदुका तपासून माझी बोटं खरबरीत झाली होती.

"दे आठे," अक्का म्हणाल्या. "इतला साल काय नुसती बठेल व्हतू का मी तुन्हाजोडे?"

त्यांनी गोळी मांडीवर घेतली, पट्टी ओठांवरून ओली केली आणि वात वळावी तशी तळहाताने वळली. पहिली वाकडी बसली, स्वतःच सोडली. दुसऱ्यांदा टोकाला टोक असं टेकलं की मला नखाने चाचपूनही सांधा लागेना. तिन्ही झाल्या. पितळी ताटलीत उन्हात वाळत घातल्या. अक्का पाखरं हाकावीत तशा त्यांच्यावरच्या माश्या हाकत बसल्या.

मग माझ्या लक्षात आलं की मेण नाही. मेणावाचून कोरडा कागद नळीत घासतो. मी डोकं धरून बसलो. आबा म्हणाले, "आते काय व्हयनं?"

"मेण हवं, आबा. कुठून आणू?"

अक्कांनी कनवटीची चंची सोडली आणि तिच्यातून लहानसा करंडा काढला. कुंकू लावण्याआधी बायका कपाळाला मेणाचं बोट लावतात, ते मेण. चिमूटभरच होतं, त्यात कुंकवाचा लाल रंग मिसळलेला. तिन्ही गोळ्यांना तेवढं पुरलं, आणि मी त्या परत काडतुसांत बसवल्या.

साहेब जेवून आले. मी नळी गरम पाण्याने धुऊन कोरडी केली होती. आबा पुन्हा पालथे पडले. तिसरा बार झाला, फळीचा कोपरा उडाला. लोक ओरडले. मी चिंधा फिरवला. चौथा बार बरोबर मध्ये. आता कुणी ओरडेना.

पाचवा बार निघाला आणि वारा पडला. धूर जागचा हलेना. फळी दिसत नव्हती. बार लागला की बावटा दाखवायला फळीजवळच्या खड्ड्यात बसवलेला शिपाई अजून बाहेर यायचा होता. साहेब दुर्बीण लावून बघत होते, त्यांनाही दिसेना. आबांनी बंदुकीच्या दस्त्यावर कपाळ टेकलं होतं. मी सवयीने पुढे निघालो, पण माझ्या आधी अक्का लुगडं सावरत धुरात शिरल्या होत्या. वाकल्या, गवतात चाचपलं आणि मूठ वर करून उभ्या राहिल्या. मुठीत तांबूस झालेल्या कागदाच्या तीन सरळ, लांब पट्ट्या होत्या.

"लागनी!" त्या ओरडल्या. मागून शिपायाचा बावटा वर गेला.

साहेबांनी परवान्यावर तिथल्या तिथे सही केली. आबांना बंदूक उचलवेना, पोरांनी उचलली. गावकरी आबांना खांद्यावर घ्यायला निघाले तर ते म्हणाले, "माले कसाले? तिले ल्या!" अक्कांना कोण खांद्यावर घेणार! त्यांनी नुसतं बघितलं आणि लोक मागे सरले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मला एक घोर लागून राहिला होता. पुढल्या दसऱ्याला ही बाई काय करील? पूजा सोडा म्हणून सांगायची माझी छाती नव्हती. आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

पुढल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी अक्का दुकानात हजर. एका हातात पाट, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी. मी वाटीवरचं झाकण काढलं आणि हात जोडले. "अक्का, पाया पडतो. पंचामृत नको."

अक्का फतकल मारून बसल्या. "वामनभाऊ," त्या म्हणाल्या, "तू देवले आंघोय कवय घालस? कपडा घालाना आगोदर का नंतर?"

"आधी."

"मंग गोयास्ले बी आगोदर. उघड्या गोया मांड पाटवर. धोई पुशी कोल्ल्या करसूत, मंग तू कागद नेसाड."

मी शेठकडे पाहिलं, शेठनी माझ्याकडे. गोळ्या तयार करायला शिकून मला बरीच वर्षं झाली होती, आणि एवढी साधी तोड मला सुचली नव्हती. तय्यबशेठ गल्ल्यावरून उठले, टोपी नीट केली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः अक्कांच्या शेजारी येऊन बसले.